गुप्त यादीत नाव सहज चढतं, मग उतरत का नाही?

मला आलेला प्रश्न असा आहे: सरकारं सुरक्षेसाठी संशयितांच्या गुप्त याद्या ठेवतात, तर ज्याने काही केलेलंच नाही त्याने घाबरायचं कशाला? आणि समजा चुकून आपलं नाव आलंच, तर ते कळतं कसं आणि काय करता येतं? सरकारी आणि खासगी संस्थांकडच्या वैयक्तिक माहितीच्या नोंदी तपासणं हे माझं काम आहे. अशा नोंदींमुळे अडकलेल्या लोकांना अर्ज-अपिलांत मदतही करते. त्या आधारावर उत्तर देते. उत्तर लांबणार आहे, कारण दोन ओळींत सांगितलं तर फसवं होईल.

"मी काही केलेलं नाही" असं म्हणताना आपण धरून चालतो की काहीतरी केल्याशिवाय यादीत नाव येत नाही. प्रत्यक्षात नाव येतं ते कुणीतरी एक फॉर्म भरल्यामुळे. तुम्ही काय केलं किंवा केलं नाही याचा त्या फॉर्मशी संबंध असेलच असं नाही.

राहिना इब्राहिम यांचा खटला मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला वाचायला लावते. मलेशियाच्या या बाई अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात पीएचडी करत होत्या. २ जानेवारी २००५ रोजी त्या मुलीसोबत सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर आल्या. शस्त्रक्रियेतून पूर्ण बऱ्या झालेल्या नव्हत्या, म्हणून व्हीलचेअर मागितली होती. त्यांचं नाव 'नो फ्लाय' यादीत, म्हणजे विमानात बसायला मनाई असलेल्यांच्या यादीत, निघालं. हातात बेड्या घातल्या गेल्या, सुमारे दोन तास कोठडीत ठेवलं गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांना मलेशियाला जाऊ दिलं, पण त्याच महिन्यात व्हिसा रद्द झाला आणि परत येण्याचा रस्ता बंद झाला. का, ते कुणी सांगितलं नाही. त्या कोर्टात गेल्या. सरकारने शासकीय गुपिताचं कारण वारंवार पुढे केलं. डिसेंबर २०१३मध्ये खटला एकदाचा उभा राहिला, तेव्हा साक्षीला येणाऱ्या त्यांच्या मुलीलाही, ती अमेरिकन नागरिक असताना, क्वालालंपूरहून विमानात बसू दिलं गेलं नाही.

जानेवारी २०१४मध्ये न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांनी निकाल दिला आणि कारण बाहेर आलं. नोव्हेंबर २००४मध्ये एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेच्या एका अधिकाऱ्याने फॉर्म भरला होता. ज्या याद्यांत नाव घालायचं नाही, त्या चौकटींवर खूण करा, अशी त्या फॉर्मवर सूचना होती. त्याने ती उलटी वाचली. त्यांना 'नो फ्लाय' यादीत टाकायचा त्याचा हेतूच नव्हता. आपली चूक त्याला कळली ती सप्टेंबर २०१३मध्ये, वकिलांनी जबाब घेतला तेव्हा. म्हणजे जवळजवळ नऊ वर्षं. बाईंपासून देशाला धोका नाही, हे सरकारने खटल्यात स्वतःच मान्य केलं होतं. तरीही एवढी झुंज.

त्या निकालातला एक मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. न्यायाधीशांनी म्हटलं की एकदा का असा शेरा मुख्य डेटाबेसमध्ये गेला की तो एकमेकांत गुंतलेल्या सरकारी डेटाबेसांमधून पसरत जातो, कधीच न पुसल्या जाणाऱ्या वाईट पतअहवालासारखा. म्हणून त्यांनी नुसतं मूळ यादीतलं नाव काढायला सांगितलं नाही. ती चूक जिथे जिथे झिरपली असेल त्या प्रत्येक ठिकाणी जाऊन दुरुस्त करा आणि तसं शपथेवर सांगा, असा आदेश दिला. आमच्या कामात खरी लढाई असते ती हीच.

आता गैरवापर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कुणीतरी दुष्ट अधिकारी येतो. तो क्वचित असतो. बहुतेक वेळा तिथे असतो एक सावध माणूस, ज्याला रात्री झोप लागायला हवी असते. त्याच्या जागी बसून पाहा. समोर एक अर्धवट माहिती आहे. नाव घातलं आणि ते चुकीचं निघालं, तर त्याला कुणी विचारणार नाही, कारण ज्याचं नाव घातलं त्याला कळणारच नाही. नाव घातलं नाही आणि उद्या स्फोट झाला, तर त्याची नोकरी जाईल, चौकशी समिती बसेल, फोटो छापून येईल. या दोन पारड्यांत कुठलाही माणूस नावच घालेल. नाव काढायचं म्हटलं तर ही भीती दुप्पट होते: काढल्याची सही आता आपली असणार. मग फाइल कपाटात राहते.

आकडे हेच सांगतात. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्याआधी अमेरिकेत विमानप्रवासाला मनाई असलेल्यांच्या यादीत फक्त १६ नावं होती. २०१३पर्यंत 'नो फ्लाय' यादी सुमारे ४७,००० वर गेली. त्याच वर्षी अमेरिकेच्या मोठ्या दहशतवाद-संशयित यादीसाठी ४,६८,७४९ शिफारशी आल्या आणि त्यांतल्या सुमारे १ टक्का नाकारल्या गेल्या. शंभरांतल्या नव्याण्णव शिफारशी जिथे मंजूर होतात, तिथे छाननी होते असं मी म्हणणार नाही. २०१४मध्ये फुटलेल्या कागदपत्रांनुसार मोठ्या यादीत सुमारे ६,८०,००० माणसं होती आणि त्यांतल्या २,८०,००० जणांचा कुठल्याही ज्ञात दहशतवादी गटाशी संबंध नोंदलेला नव्हता.

एवढी मोठी यादी निदान सुरक्षा तरी देते का? २५ डिसेंबर २००९ रोजी उमर फारूक अब्दुलमुतल्लब अंतर्वस्त्रांत स्फोटकं लपवून डेट्रॉइटच्या विमानात बसला. त्याच्या वडिलांनी महिनाभर आधी स्वतः नायजेरियातल्या अमेरिकन दूतावासात जाऊन मुलाबद्दल सावध केलं होतं. त्याचं नाव प्राथमिक डेटाबेसमध्ये होतं, पण विमानतळावर वापरायच्या यादीत पोहोचलं नव्हतं. शिवाय नाव शोधताना स्पेलिंग चुकल्याने त्याच्याकडे चालू व्हिसा आहे हेही लक्षात आलं नाही. माहिती होती, ती ढिगाऱ्याखाली गेली होती. त्यावर उपाय म्हणून ढिगारा आणखी वाढवला गेला.

यामागचं गणित एकदा करून पाहावं, कारण ते डोळे उघडतं. समजा १ कोटी प्रवासी आहेत आणि त्यांत खरोखर धोकादायक १०० आहेत. तुमची चाळणी इतकी चांगली आहे की १०० पैकी ९९ धोकादायक माणसं ती पकडते आणि निरपराधांपैकी फक्त १ टक्का लोकांना चुकून थांबवते. ऐकायला उत्तम वाटतं. पण निरपराधांचा १ टक्का म्हणजे सुमारे १ लाख माणसं. म्हणजे चाळणीने थांबवलेल्या दर हजार लोकांत खरा धोकादायक माणूस साधारण एक. दारावर उभ्या असलेल्या शिपायाला मात्र समोरचा प्रत्येक जण तोच एक वाटतो, कारण पडद्यावर लाल खूण दिसतेय. आणि प्रत्यक्षात कुठलीच यादी इतकी अचूक नसते. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी २००७मध्ये तिथल्या यादीतल्या १०५ नोंदी काढून तपासल्या, तेव्हा ३८ टक्के नोंदींत चुका सापडल्या. २००४मध्ये सिनेटर टेड केनेडी यांना पुन्हा पुन्हा विमानतळावर अडवलं गेलं, कारण कुणा संशयिताने तसलंच नाव घेतलं होतं. देशातल्या सर्वांत ओळखीच्या घराण्यांपैकी एका घराण्याचा माणूस, थेट मंत्र्याला फोन करू शकणारा, तरी प्रकरण मिटायला कित्येक आठवडे गेले. ज्याला फोन करायला मंत्री नाही, त्याचं काय होत असेल?

ही झाली चूक. मुद्दाम केलेला वापर वेगळा, आणि त्याचीही उदाहरणं नोंदलेली आहेत. अमेरिकेतल्या काही मुस्लिम पुरुषांनी कोर्टात आरोप केला की आपल्याच समाजात खबरे म्हणून काम करायला नकार दिल्यामुळे एफबीआयच्या अधिकाऱ्यांनी त्यांना 'नो फ्लाय' यादीत ठेवलं. आजारी नातेवाइकांना भेटायला जाता आलं नाही, नोकऱ्या गेल्या. डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने म्हटलं की धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याखाली असे लोक अधिकाऱ्यांकडून वैयक्तिक भरपाई मागू शकतात. या प्रकरणात एक गोष्ट अशी घडली जी मी इतरत्रही वारंवार पाहते. सुनावणी तोंडावर आली आणि अर्जदारांना पत्रं गेली: आता तुम्हाला प्रवास करता येईल. नाव काढलं, म्हणजे तक्रारच उरली नाही, म्हणजे कोर्टाने काही ठरवायचं कारण नाही, असा त्यामागचा डाव असतो. मार्च २०२४मध्ये योनस फिक्रे या अशाच यादीत टाकलेल्या माणसाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. आज नाव काढलं तरी उद्या पुन्हा तेच करणार नाही हे सरकारला दाखवावं लागेल, असं स्पष्ट केलं. माझ्या दृष्टीने हा निकाल भरपाईच्या निकालाहून मोठा आहे.

कोर्टं दरवेळी मदतीला येतात असंही नाही. स्वीडनमधल्या टोर्स्टन लिअँडर या सुताराला १९७९मध्ये कार्ल्सक्रोना इथल्या नौदल संग्रहालयातली नोकरी नाकारली गेली, कारण सुरक्षा पोलिसांच्या गुप्त नोंदवहीत त्याच्याविषयी काहीतरी होतं. काय होतं ते त्याला दाखवलं नाही. तो युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेला आणि १९८७मध्ये हरला. स्वीडनमध्ये पुरेशी देखरेख आहे, असं न्यायालयाला वाटलं. दहा वर्षांनी फाइल उघडली. त्याला धोकादायक ठरवण्याजोगं त्यात काहीच नव्हतं. सरकारने माफी मागितली आणि ४,००,००० क्रोनर भरपाई दिली. "फाइलमध्ये ठोस काहीतरी असणारच" या विश्वासावर न्यायाधीशही टेकतात, हे मला फार अस्वस्थ करतं. बंद फाइल नेहमी जाडच वाटते.

आता प्रश्नातला 'गुप्त' हा शब्द घेऊ. ही यादी गुप्त असते ती मुख्यतः जिचं नाव तीत आहे त्या व्यक्तीपासून. बाकी ती बऱ्याच हातांत असते. २०१९मध्ये अमेरिकी सरकारला एका खटल्यात मान्य करावं लागलं की संशयितांच्या यादीतली माहिती १,४०० हून अधिक खासगी संस्थांना उपलब्ध होती. जानेवारी २०२३मध्ये एका छोट्या विमान कंपनीच्या असुरक्षित सर्व्हरवर 'नो फ्लाय' यादीची २०१९ची प्रत उघडी पडलेली सापडली, त्यात टोपणनावं धरून १५ लाखांवर नोंदी होत्या. ज्याचं नाव त्यात होतं, त्याने सरकारला विचारलं असतं तर उत्तर आलं असतं: आम्ही होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही.

लंडनच्या पोलिसांची 'गँग्ज मॅट्रिक्स' नावाची यादी हे याचं सर्वांत दुःखद उदाहरण. २०११च्या दंगलींनंतर टोळीबाज तरुणांवर नजर ठेवायला ती केली. प्रत्येक नावापुढे धोक्याच्या पातळीनुसार लाल, पिवळा किंवा हिरवा रंग. हिरव्यांत अशी मुलंही होती ज्यांच्या नावावर हिंसेचा गुन्हा नव्हता. काही जण गुन्ह्याचे बळी होते, काही जण कुणाशी मैत्री असल्यामुळे आले होते. २०१८मध्ये ॲम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेने दाखवून दिलं की यादीतले तीन-चतुर्थांशांहून अधिक तरुण कृष्णवर्णीय आहेत. ही माहिती घरकुल विभाग, शाळा, इतर कार्यालयांपर्यंत जात होती. २०१७मध्ये लंडनच्या न्यूहॅम कौन्सिलमधल्या एका कर्मचाऱ्याने २०३ जणांची पूर्ण, न झाकलेली यादी ४४ जणांना ईमेल केली. तिचे फोटो पुढे स्नॅपचॅटवर फिरत विरोधी टोळ्यांच्या हाती पडले. त्या वर्षी त्या भागात हिंसाचाराच्या गंभीर घटना घडल्या आणि बळींमध्ये यादीतली नावंही होती. हिंसा यादीमुळेच झाली असं सिद्ध करता येत नाही, आणि ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनीही तसा दावा केला नाही. कौन्सिलला १,४५,००० पौंड दंड झाला. पोलिसांनी पुढे हजारावर नावं काढली आणि २०२४मध्ये ती यादी बंदच केली. एका ईमेलने ज्या मुलांचा पत्ता आणि कथित टोळी उघडी केली, त्यांना तो पत्ता बदलणं शक्य होतं का, हे कुठल्याही दंडाच्या आदेशात लिहिलेलं नसतं.

सरकारकडची माहिती खासगी याद्यांतही जाते. ब्रिटनमधल्या मोठ्या बांधकाम कंपन्या 'कन्सल्टिंग असोसिएशन' नावाच्या एका छोट्या कार्यालयाकडून कामगारांची काळी यादी चालवत होत्या. २००९मध्ये छापा पडला तेव्हा ३,२१३ जणांची कार्डं सापडली. कामाच्या जागी ॲस्बेस्टॉस आहे, संडास नाहीत, अशी तक्रार करणाऱ्यांचीही त्यात कार्डं होती. माणसं वर्षानुवर्षं बेकार राहिली आणि स्वतःलाच दोष देत राहिली. कार्यालय चालवणाऱ्याला दंड झाला ५,००० पौंड. २०१८मध्ये लंडन पोलिसांनी मान्य केलं की त्यांच्या विशेष शाखेकडून अशा यादीकडे माहिती गेली असावी. सरकारी पाळत आणि खासगी बहिष्कार यांच्यामधली भिंत आपण समजतो तितकी जाड नसते.

माहितीचा हेतू बदलणं हा सर्वांत जुना आणि सर्वांत भयंकर गैरवापर. नेदरलँड्समध्ये १९४०पूर्वी लोकसंख्येची नोंदणी अत्यंत नेटकी होती, धर्मासकट. ती कुणाला मारण्यासाठी केलेली नव्हती. जर्मन आल्यावर तीच कार्डं वापरली गेली आणि तिथल्या सुमारे तीन-चतुर्थांश ज्यूंचा संहार झाला. २७ मार्च १९४३ रोजी प्रतिकार चळवळीतल्या लोकांनी आम्स्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयाला आग लावली. त्यांच्यापैकी बारा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. कार्डांची किंमत त्यांना कळली होती.

एवढं मागे जायची गरज नाही. व्हेनेझुएलात राज्यघटनेनेच नागरिकांना अधिकार दिला आहे: सह्या गोळा करून राष्ट्राध्यक्षांना परत बोलावण्यासाठी जनमत मागण्याचा. २००३मध्ये लाखो लोकांनी ह्यूगो चावेझ यांच्याविरुद्ध अशा सह्या केल्या, ओळखपत्राच्या क्रमांकासह. निवडणूक मंडळाकडून ती माहिती राष्ट्राध्यक्षांच्या बाजूला मिळाली आणि लुईस तास्कोन या लोकप्रतिनिधीने ती इंटरनेटवर टाकली. पुढे सरकारी नोकरी, कंत्राट, साधी कागदपत्रं मागायला गेलेल्या माणसाचा क्रमांक आधी तिथे तपासला जाऊ लागला. सीमा परिषदेत काम करणाऱ्या तीन महिलांची कंत्राटं सही केल्यानंतर संपवण्यात आली. त्यांना न्याय मिळाला तो आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाकडून, फेब्रुवारी २०१८मध्ये, चौदा वर्षांनी. हे लोक कुठल्याही अर्थाने संशयित नव्हते. त्यांनी कायद्याने सांगितलेल्या कागदावर कायद्याने सांगितल्याप्रमाणे सही केली होती. दक्षिण कोरियात २०१६मध्ये उघड झालेल्या यादीत ९,४७३ कलावंतांची नावं होती. सरकारवर टीका केलेल्यांचं अनुदान रोखायला ती वापरली गेली, आणि त्यासाठी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातले वरिष्ठ तुरुंगात गेले. अशी शिक्षा दुर्मिळ आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

भारतातलं एक प्रकरण इथे नोंदवते. पोलिस ठाण्यात सराईत गुन्हेगारांचे 'हिस्टरी शीट' ठेवतात. मे २०२४मध्ये अमानतुल्ला खान यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की हा पोलिसांचा अंतर्गत दस्तऐवज आहे, तो जगजाहीर करायचा नाही आणि त्यात अल्पवयीन मुलांची माहिती घालायची नाही. सामाजिक-आर्थिकदृष्ट्या मागास समाजांतल्या लोकांच्या नोंदी यांत्रिकपणे उघडल्या जाऊ नयेत, यासाठी सर्व राज्यांनी लक्ष घालावं असंही न्यायालयाने सांगितलं. बापाच्या नोंदीत शाळकरी पोराचं नाव येतं, तेव्हा पुढच्या पिढीची फाइल आजच उघडलेली असते.

याचा अर्थ याद्या नकोतच असं मी म्हणत नाही. खरा धोका असतो आणि तपास चालू असताना संशयिताला सांगून टाकणं वेडेपणाचं ठरेल. पण गुप्ततेलाही मुदत असू शकते, आणि माहितीचा स्रोत लपवणं वेगळं, नोंद आहे हेच लपवणं वेगळं. जून २०१४मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या संघीय न्यायालयाने 'नो फ्लाय' यादीविरुद्धची तक्रार-पद्धत घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर अमेरिकी सरकार आपल्या नागरिकांना व कायम रहिवाशांना 'नो फ्लाय' यादीत आहात की नाही हे सांगू लागलं आणि शक्य तिथे कारणांचा सारांशही देऊ लागलं. त्याने तपास यंत्रणा कोसळल्या नाहीत.

मला एकच सुधारणा मागायची मुभा मिळाली तर मी नोंदीला मुदत मागेन. ठरावीक काळानंतर प्रत्येक नाव आपोआप गळून पडेल. ठेवायचं असेल तर कुणीतरी नव्याने कारण लिहायचं आणि खाली सही करायची. वर सांगितलेली अधिकाऱ्याची अडचण यामुळे उलटी होते. आज नाव काढायला धैर्य लागतं, मग ठेवायला कष्ट लागतील. त्याखालोखाल हवी ती प्रत्येक प्रतीची नोंद: कुणाला, कधी, कशासाठी दिली. ती नसेल तर ऑल्सप यांच्यासारखा आदेश देणारा न्यायाधीश मिळूनही पाळणार कसा? देखरेख समित्या, वार्षिक अहवाल हे सगळं चांगलंच, पण मुदत आणि प्रतींचा हिशेब नसेल तर त्या समित्यांना तपासायला काही उरत नाही.

आता दुसरा भाग, नाव आलंय का हे कसं ओळखायचं. विमानतळावर एकदा थांबवलं म्हणून घाईने निष्कर्ष काढू नका. यादृच्छिक तपासणीही होते. तेच पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाबतीत, ऑनलाइन बोर्डिंग पास न निघता काउंटरवर जायला सांगून घडत असेल तर लक्ष द्या. त्याच क्षणी लिहून ठेवा: तारीख, वेळ, विमान, अधिकाऱ्याचा हुद्दा, त्याने वापरलेले नेमके शब्द. नकाराचं कारण लेखी मागा. देणार नाहीत, पण मागितल्याचा पुरावा राहतो. या साध्या टिपणांवर प्रकरणं उभी राहिलेली मी पाहिली आहेत आणि ती नसल्याने पडलेलीही.

बँकेने खातं बंद केलं, पैसे पाठवता येईनात, तर सरकारच्या आधी खासगी जोखीम-डेटाबेसचा संशय घ्या. बँका ग्राहकांची नावं अशा विकत घेतलेल्या डेटाबेसांत तपासतात. लंडनच्या फिन्सबरी पार्क मशिदीचं खातं बंद झालं होतं. 'वर्ल्ड-चेक' नावाच्या डेटाबेसने तिला दहशतवादाच्या वर्गात टाकलं होतं, जुन्या व्यवस्थापनाच्या काळातल्या माहितीवरून. २०१७मध्ये तो डेटाबेस चालवणाऱ्या थॉमसन रॉयटर्स कंपनीने माफी मागून १०,००० पौंड भरपाई दिली. खासगी कंपनीवर माहिती-संरक्षणाचा कायदा सरकारी सुरक्षा यंत्रणेपेक्षा जास्त लागू होतो, त्यामुळे हा दरवाजा आधी ठोठावणं शहाणपणाचं.

दुसऱ्या देशाने इंटरपोलमार्फत नाव पाठवलं असल्याची शंका असेल, तर इंटरपोलच्या फाइल नियंत्रण आयोगाकडे कुणीही स्वतःबद्दलची माहिती मागू शकतो, विनाशुल्क. माहितीच्या अर्जाला चार महिने आणि दुरुस्तीच्या अर्जाला नऊ महिने अशी मुदत त्यांच्या नियमांत आहे. इंटरपोलच्या घटनेचं तिसरं कलम राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या कामाला मनाई करतं. अर्जात त्याच्यावर बोट ठेवा. शेंगेन माहिती प्रणाली म्हणजे युरोपातल्या देशांचा सीमा आणि पोलिसांसाठीचा सामायिक डेटाबेस; त्यातली स्वतःची नोंद पाहण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क तुम्ही तिथले नागरिक नसलात तरी आहे. अमेरिकेच्या प्रवासात अडचण येत असेल तर तिथल्या गृहसुरक्षा खात्याच्या 'डीएचएस ट्रिप' या तक्रार-पद्धतीत अर्ज केल्यावर एक क्रमांक मिळतो, तो पुढच्या प्रत्येक तिकिटावर घालायचा. नामसाधर्म्याच्या प्रकरणांत त्याचा खरोखर उपयोग होतो. तुमचंच नाव यादीत असेल तर मात्र तेवढ्याने भागत नाही.

भारतात लुकआउट सर्क्युलरमुळे, म्हणजे अमुक माणसाला देशाबाहेर जाताना अडवा अशा सरकारी सूचनेमुळे, विमानतळावर अडवलं गेलं, तर उच्च न्यायालयात रिट याचिका हाच परिणामकारक मार्ग. परदेशी जाण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१चा भाग आहे, हे मनेका गांधी प्रकरणात १९७८लाच ठरलं आहे. एप्रिल २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारी बँकांच्या सांगण्यावरून काढलेली अशी सर्क्युलर रद्द केली. गुप्तचर संस्थांना माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ने वगळलं असलं, तरी भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांशी संबंधित माहितीला ते वगळणं लागू नाही. अर्जात हा मुद्दा पहिल्या परिच्छेदातच मांडा. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सरकारला आपल्या संस्था अधिसूचनेने बाहेर काढण्याची मोठी मुभा आहे, त्यामुळे सुरक्षा यंत्रणांच्या बाबतीत त्याच्यावर फार विसंबू नका.

अर्ज लिहिताना नाव घालण्यामागे कुणाचा वाईट हेतू होता हे सिद्ध करायच्या भरीस पडू नका. ते जवळपास अशक्य असतं आणि गरजेचंही नसतं. नोंद चुकीची आहे, कालबाह्य आहे किंवा ठरलेल्या हेतूबाहेर वापरली गेली आहे, यांतलं एक दाखवता आलं तरी पुरतं. जन्मतारीख, वडिलांचं नाव, जुने पासपोर्ट, त्या काळात तुम्ही कुठे होतात याचे कागद जोडा. स्पेलिंगचे सगळे प्रकार स्वतःहून लिहून द्या.

नाव काढल्याचं पत्र आलं की लोक थांबतात, आणि तिथेच चुकतात. त्या पत्राला लगेच उत्तर पाठवा: ही नोंद कोणकोणत्या कार्यालयांना आणि देशांना पाठवली गेली होती, त्यांना दुरुस्ती कळवली का, कोणत्या तारखेला. उत्तर अर्धवट आलं तर महिनाभराने पुन्हा विचारा. आणि पुढचा प्रवास महत्त्वाच्या कामासाठी ठरवू नका. आधी एक साधा, पुढे ढकलता येईल असा प्रवास करून पाहा. मूळ पत्राची साक्षांकित प्रत सोबत असू द्या.